कुणालाच धड पोहता येत नाही, मग अंदमानला जायचं की नाही?

पत्र थोडक्यात: चाळिशीतल्या एका वाचक ताईंचं कुटुंब नाताळच्या सुट्टीत सहा रात्रींसाठी अंदमानला निघालं आहे. सोबत यजमान, १३ वर्षांचा मुलगा, ९ वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीने बेजार असलेल्या ६८ वर्षांच्या सासूबाई. मुलगा दोन उन्हाळे तलावावर पोहायला शिकलाय, बाकी कुणाला पोहता येत नाही. कॉलेजच्या सहलीत, शेजारच्या घोळक्यातला एक मुलगा ताईंच्या डोळ्यांदेखत बुडाला. तेव्हापासून त्या समुद्रात घोट्याच्या वर गेलेल्या नाहीत. एजंटने आखलेल्या कार्यक्रमात नऊ बीच आहेत. ‘कुणीही गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही’ असा नियम ताईंनी घरात मांडला, त्यावर यजमान म्हणाले, ‘मग बोटींचा आणि विमानाचा खर्च कशाला? घरीच बादलीत पाय बुडवू.’ ताई विचारतात, नियमावर ठाम राहू की सहलच रद्द करू? आणि सासूबाईंना बीचच्या दिवशी हॉटेलवरच ठेवावं का?

प्रिय ताई,

सरळ उत्तर आधी देते. सहल रद्द करू नका. पण तुमचा गुडघ्याचा नियमही मला पटलेला नाही. तो नको तिथे कडक आहे आणि हवा तिथे ढिला.

मुळात गुडघा कुणाचा धरायचा? तुमच्या यजमानांच्या गुडघ्याएवढं पाणी लेकीच्या मांडीपर्यंत येतं, आणि लाट आली की तिच्या छातीला लागतं. हॅवलॉक बेटावरच्या राधानगरसारख्या उघड्या किनाऱ्यावर परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. टाचा रुततात, तोल जातो, मूल बसकण मारतं आणि उठायच्या आत पुढची लाट डोक्यावर असते. एवढं सगळं गुडघाभर पाण्यात होतं. उलट नील बेटावरच्या भरतपूरला, शांत उथळ पाण्यात, अंगाला नीट बसलेलं लाइफ जॅकेट घालून, हाताच्या अंतरावर मोठं माणूस असताना तीच मुलगी कमरेपर्यंत गेली तर बिघडत नाही. तेव्हा नुसती खोली मोजून भागणार नाही. किनारा कोणता, वेळ कोणती आणि मुलाशेजारी कोण उभं आहे, हे तीन प्रश्न आधी.

आता तुमच्या भीतीबद्दल. डोळ्यांसमोर एक मुलगा गेला, ते विसरा असं सांगणारी मी कोण? पण त्या भीतीत एक समजूत दडलेली दिसते, आणि गंमत म्हणजे तुमच्या यजमानांच्या बिनधास्तपणातही तीच आहे: पोहता येणारा वाचतो, न येणारा बुडतो. म्हणून तुम्ही सासूबाईंची आणि लेकीची काळजी करता. लेकाबद्दल पत्रात फक्त ‘त्याला येतं’ एवढंच आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती त्याचीच. तलावात तळ दिसतो, कडा हाताशी असते, पाणी जागचं हलत नाही. दोन उन्हाळ्यांत मूल पंचवीस मीटर अंतर कापायला शिकतं, आणि त्याहून जास्त काय शिकतं तर पाण्याला न घाबरणं. समुद्रात तीच गोष्ट अंगाशी येते. आजी आणि धाकटी आपणहून काठाशी राहतील. तेरा वर्षांचा मुलगा, तोही बाबा कौतुकाने बघत असताना, चार लाटा पार करून आत जाईल. त्याला एक गोष्ट इथेच, घरी बसून, कागदावर चित्र काढून समजावा. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, ते पाणी कुठून तरी परत जायला हवं. पुष्कळदा ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून, ओढ्यासारखं, जोरात आत वाहत जातं. याला रिप करंट म्हणतात. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे गुळगुळीत, जरा गडद, कधी गढूळ पाणी दिसतं. नवखा माणूस नेमकी तीच जागा निवडतो, कारण ती शांत वाटते.

त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हात मारायचे नाहीत, भलेभले पोहणारे त्यातच दमतात. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, आत नेतो, आणि थोड्या अंतरावर त्याचा जोर ओसरतो. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि अंगात ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं सरकत पट्ट्याबाहेर यायचं. मुलाला हे पाठ म्हणून न शिकवता, पाण्यात शिरण्यापूर्वी दहा मिनिटं वाळूवर उभं राहून ‘सांग बघू, इथे कुठे असेल?’ असं विचारा. या वयातल्या मुलांना मनाईपेक्षा माहिती दिली की ती जास्त ऐकतात, असं माझं मत आहे. यजमानांनाही त्याच वेळी शेजारी उभं करा.

एक गोष्ट तुम्हा दोघांसाठी. बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. श्वास घेण्यातच त्याची सगळी शक्ती जाते. डोकं मागे, तोंड पाण्याच्या रेषेशी, हात पाणी खाली दाबत असलेले, आवाज नाही. चार पावलांवर उभ्या माणसालाही ते खेळणं वाटतं. म्हणून मुलं पाण्यात असताना एकाच्या हातात फोन नसायला हवा. ‘आपण दोघंही बघतोय’ याचा अर्थ बहुतेकदा कुणीच बघत नाही असा होतो, तेव्हा पाळी ठरवा. लेक पाण्यात असेल तर मोठ्या माणसाने तिच्या समुद्राकडच्या बाजूला उभं राहायचं, किनाऱ्याकडच्या नाही, म्हणजे लाट आधी तुमच्यावर येते आणि ती वाहिली तर तुमच्याकडे येते. पाठ कधी समुद्राकडे नको, फोटोसाठीही नाही. आणि कुणी संकटात दिसलंच तर पोहता न येणाऱ्याने मागोमाग उडी मारायची नाही. जीवरक्षकाला हाक, आणि तरंगेल ते फेका: लाइफ जॅकेट, रिकामा बंद कॅन, काहीही. वाचवायला गेलेलाही बुडाला, अशा बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो.

फुगवायच्या रबरी ट्यूब आणि हंस-बदकं घेऊन जाऊ नका. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असेल तर ती बघता बघता मुलाला घेऊन आत जातात.

तुम्ही एजंटचा कार्यक्रम सोबत जोडलात हे फार बरं केलं. तो वाचताना मला तुमच्या नियमाइतकीच त्याच्या घड्याळाची चिंता वाटली. तिसऱ्या दिवशी लिहिलंय, ‘सायं. ५.०० राधानगर बीच, सूर्यास्त.’ डिसेंबरअखेरीस तिथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो! आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावरची, अंदमान त्र्याण्णवच्या आसपास. म्हणजे तिथलं ऊन आपल्या घड्याळाच्या जवळपास पाऊण तास पुढे चालतं. तुम्ही पोचाल तेव्हा लोक चपला झटकत परत निघालेले असतील. पाठोपाठ चौथ्या दिवशी भर बाराला हॅवलॉकचाच कालापत्थर बीच, म्हणजे डोक्यावर ऊन आणि सावलीला जागा शोधा. पाचव्या दिवशी अकरा वाजता नीलवरच्या लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल, पण त्या दिवशी अकराला ओहोटी आहे की भरती, याचा कुठेच उल्लेख नाही. पुलापर्यंतची वाट खडकांतून जाते आणि ती ओहोटीलाच मोकळी होते. भरती असेल तर पायऱ्यांवर उभं राहून परत यायचं.

म्हणून माझा सल्ला असा की बीच मोजणं सोडा आणि घड्याळ उलटं लावा. तिथे साडेपाच-पावणेसहाला उजाडतं. सहा ते नऊ हा बीचचा खरा वेळ. वारा कमी, ऊन कोवळं, गर्दी नाही. नऊ ते तीन सावलीत, जेवण, झोप, पत्ते. तीनला पुन्हा बाहेर. राधानगरच्या दिवशी मात्र जरा लवकर निघून अडीच-तीनपर्यंत पोचा, पाण्यात काय ते चारपर्यंत आटपा, मग कोरडे कपडे घालून सूर्यास्त बघा. हॉटेलवाल्यांना नाश्ता बांधून द्यायला आदल्या रात्री सांगा, नाहीतर साडेआठच्या नाश्त्यापायी सकाळ जाते.

भरती-ओहोटीचं जरा सविस्तर सांगते, कारण अंदमानातल्या निम्म्या निराशेचं मूळ तिथे आहे. चोवीस तासांत साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, आणि रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण: भरती खूप वर, ओहोटी खूप खाली. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा फरक कमी. तुमच्या माहेरी किंवा सासरी कुणी कोकणातलं असेल तर ‘तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ’ हा आडाखा ऐकला असेल. तो कोकण किनाऱ्यावर चालतो, अंदमानात जसाच्या तसा लावू नका. प्रत्येक किनाऱ्याला भरती पोचायची वेळ निराळी. मात्र उधाण कुठल्या दिवशी आणि भांग कुठल्या, हे घरच्या दिनदर्शिकेवरून निघतंच. तासांचं गणित हॉटेलात, जेट्टीवर किंवा बोटवाल्याला विचारा. त्यांचं पोट त्यावर आहे, ते अचूक सांगतात. आणि उद्याच्या वेळा आजच विचारून ठेवा.

हॅवलॉकची पूर्व बाजू, म्हणजे विजयनगर, गोविंदनगरचा किनारा, भरतीला निळा-हिरवा आणि हात लावावा असा दिसतो. तोच ओहोटीला बघा. पाणी दूरवर मागे गेलेलं, होड्या चिखलट वाळूवर कलंडलेल्या, आणि मधे करडे खडक, मेलेल्या प्रवाळाचे धारदार तुकडे, डबकी. ‘फोटोत असं नव्हतं’ म्हणून लोक वैतागतात. पण पोहता न येणाऱ्या कुटुंबासाठी माझ्या मते हीच वेळ सोन्यासारखी आहे. जाड तळाचे, मागून पट्ट्याचे सँडल घालून मुलांना त्या डबक्यांपाशी न्या. उकिडवं बसून दोन मिनिटं हलायचं नाही. आधी काहीच दिसत नाही. मग दगड वाटलेला शंख चालायला लागतो, आतून खेकड्याचे पाय बाहेर येतात. वाळूवर काळपट जाडी काकडी पडल्यासारखं दिसतं, ती समुद्रकाकडी, जिवंत प्राणी. पाणी घोट्याएवढं, आणि तास कसा गेला कळत नाही. अट एकच: पाणी परत चढायच्या आत मागे फिरायचं, आणि कशालाही हात लावायचा नाही. सुंदर नक्षीच्या शंकूच्या आकाराच्या शंखात विषारी काटा असलेली गोगलगाय असते. ती चावते तेव्हा दुखतही नसेल, पण प्रकरण जिवावर बेतू शकतं.

शंख-शिंपल्यांचं इथेच सांगते. मुलीला ‘आण’ म्हणू नका. प्रवाळ आणि कित्येक शंख १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, मेलेला प्रवाळसुद्धा. विमानतळावर सामान तपासतात, आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या दप्तरातून निघालेला तुकडा कायद्याला तुकडाच असतो.

तुम्ही मगरींबद्दल एक ओळही लिहिली नाहीत, म्हणजे एजंटनेही सांगितलेलं नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. त्यांचा वावर मुख्यतः खाड्या, कांदळवनं आणि ओढ्यांच्या मुखाशी, पण त्या समुद्रातूनही फिरतात. २०१०मध्ये राधानगरजवळ पाण्यात असलेल्या एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. घाबरून जायला नको, लाखो लोक सुखरूप येतात. पण चार सवयी लावून घ्या. फलक असेल तिथे पाण्यात जायचं नाही, ‘सगळे जातायत’ हे कारण चालणार नाही. पहाटे अंधारात, तिन्हीसांजेला आणि रात्री पाणी बंद. खाडीचं तोंड, खाजण, तिवरांची झाडं यांच्या जवळपास पोहणं नाही, हे राधानगरच्या टोकाला असलेल्या खाजणालाही लागू. आणि जीवरक्षकाला रोज नव्याने विचारायचं, ‘आज कुठपर्यंत?’ पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरला मगरींमुळेच पोहण्यावर बंधनं आहेत. तिथे तुमच्या कार्यक्रमात ‘पोहणे, दीड तास’ असं छापलंय, त्यावर सरळ काट मारा.

स्नॉर्केलिंग तुम्ही कराच. होय, तुम्हीही. एलिफंट बीचला गाईड रबरी रिंग धरून पुढे असतो, तुम्ही लाइफ जॅकेट घालून पालथं पडायचं आणि रिंग सोडायची नाही. पोहावं लागत नाही. पण ‘थोडं थोडं येतं’ असं संकोचाने सांगू नका. ‘मला अजिबात पोहता येत नाही आणि भीती वाटते’ हे वाक्य गाईडला जसंच्या तसं सांगा, तो तुम्हाला वेगळ्या रीतीने नेतो. जॅकेट घातल्यावर यजमानांना खांद्याच्या पट्ट्या धरून वर उचलायला सांगा. ते कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे, बदलून घ्या. मुलांसाठी मुलांच्याच मापाचं. मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तोंड बुडवून नळीतून श्वास घ्यायचा सराव करा. पहिले काही श्वास घाबरवतात, मग लय येते. आत गेल्यावर प्रवाळावर उभं राहायचं नाही. त्याचेही तुकडे पडतात आणि तुमचे पायही सोलतात. पाठ आणि मानेची मागची बाजू हमखास भाजते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट घाला. सनस्क्रीन चेहऱ्याला, कानांना, पायांच्या मागच्या बाजूला, आणि पाण्यातून आलं की पुन्हा.

यजमानांना स्कूबा करायचं आहे असं ओझरतं लिहिलंत. प्रशिक्षकासोबतच्या नवशिक्यांच्या डाइव्हला पोहता यायलाच हवं असं नसतं. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास, सर्दी, चालू औषधं हे फॉर्मवर खरं लिहायचं आणि विमानाच्या आधी किमान १८ तास मोकळे ठेवायचे. पाण्यातून वर येऊन लगेच उंचावर गेलं की रक्तात विरघळलेला वायू त्रास देतो. तुमच्या कार्यक्रमात डाइव्ह शेवटून दुसऱ्या दिवशी दुपारी आणि विमान पुढच्या सकाळी आहे. ती डाइव्ह आधीच्या एखाद्या दिवशी घ्या.

दुखणीखुपणी थोडक्यात. समुद्री साळिंदराचा काटा किंवा विषारी माशाचा डंख झाला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, वेदना उतरते, आणि मग डॉक्टर. जेलीफिश लागली तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्या पाण्याने धुवा, तंतू चिमट्याने काढा. श्वास जड झाला, छातीत दुखलं किंवा वळ मोठे आले तर वेळ न दवडता दवाखाना. प्रवाळाने कापलेलं साधं वाटतं पण हमखास चिघळतं, साबणाने घासून धुवा. आणि संध्याकाळी वाळूत बसलात तर सँडफ्लाय नावाची बारकी माशी पाय फोडून काढते. लांब विजार, तेलकट क्रीम आणि न खाजवण्याचा निग्रह. तिसरं सगळ्यात अवघड.

तुमची सहल २६ डिसेंबरच्या आठवड्यात आहे, म्हणून हेही सांगते. २००४च्या त्याच दिवशी त्सुनामीने या बेटांवर हाहाकार केला होता. आता देशाची इशारा यंत्रणा आहे, पण ती पोचायची वाट बघू नका. जमीन बराच वेळ जोरात हादरली, किंवा ओहोटीची वेळ नसताना समुद्र एकाएकी मागे हटला, तर सामान सोडून उंचावर पळायचं. कुतूहलाने तळ बघायला जायचं नाही. हॉटेलात पोचलात की ‘उंच जागा कुठली?’ हे चहा मागवता मागवता विचारून घ्या.

आता सासूबाई. पत्रात त्यांच्याबद्दल चार वाक्यं आहेत, आणि चारही तुमची. त्यांना काय वाटतं? विचारलंत का? अंदमान म्हटल्यावर त्यांच्या पिढीला बीच आठवत नाही, सेल्युलर जेल आठवतं, सावरकरांची कोठडी आठवते. कदाचित त्यांची सहल पहिल्याच दिवशी पुरी होईल आणि पुढचं सगळं वरकड असेल. तिथल्या वरच्या मजल्यापर्यंत जिने आहेत, त्यासाठी सकाळची ताजी वेळ ठेवा, गुडघे दिवसभराच्या भटकंतीने सुजलेले असताना नको.

आणि ‘वाळूत चालता येत नाही’ हे अर्धंच खरं आहे. कोरड्या भुसभुशीत वाळूत गुडघ्याला फार त्रास होतो. लाटेने नुकत्याच भिजलेल्या पट्ट्यात वाळू घट्ट असते, तिथे काठी टेकून सावकाश चालता येतं. अडचण असते ती रस्त्यापासून त्या पट्ट्यापर्यंतची. म्हणून त्यांच्यासाठी किनारे निवडा ते या अंतरावरून. राधानगरला मोठी झाडं, सावली, बसायला बाकं आणि कपडे बदलायची सोय आहे. कालापत्थरला रस्ता किनाऱ्याला लागूनच जातो, गाडीतून उतरलं की समुद्र समोर. भरतपूर नीलच्या जेट्टीजवळच आहे, आणि तिथे काचेच्या तळाच्या बोटी असतात, प्रवाळ बसल्या जागी दिसतो. मात्र बोटीत चढताना पाय किती उचलावा लागतो ते आधी बघून या. एलिफंट बीच त्यांच्यासाठी गाळाच. बोटीतून पुष्कळदा पाण्यातच उतरावं लागतं, आणि जंगलातली पायवाट तर चिखलाची. लक्ष्मणपूरच्या दगडी पुलाचे खडक शेवाळलेले असतात, तेही नको. त्या दोन सकाळी त्या हॉटेलवर राहतील. मात्र ‘ठेवलं’ म्हणून न राहता ‘आज मी आराम करते’ म्हणून राहाव्यात, एवढं बघा. त्यासाठी त्यांच्यासमोर आत्ताच कार्यक्रम वाचा आणि पेन त्यांच्या हातात द्या.

यजमानांशी बोलायचं कसं? तुम्ही ‘मला भीती वाटते’ म्हणता, ते ‘तू मजा घालवतेस’ म्हणतात, आणि दोघंही खरं बोलत असता. भीतीवर वाद घालता येतो. पाच वाजता मावळणाऱ्या सूर्यावर घालता येत नाही. एजंटच्या वेळापत्रकातल्या वरच्या तीन चुका त्यांना दाखवा. मग मागण्या तीनच ठेवा: जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर लेकाने पोहायचं नाही, मुलं पाण्यात असताना एकाच्या हातात फोन नाही, आणि दारू प्यायली असेल तर त्या दिवशी पाणी बंद. शेवटचं तुमच्या घरात लागू नसेलही, पण हे सदर इतरही वाचतात. बदल्यात तुम्हीही काहीतरी सोडा. एका सकाळी, भरतपूरला, जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहा. लेक तुमच्याकडे बघून समुद्राबद्दल काय वाटून घ्यायचं ते शिकतेय. तिने सावध राहावं, पण घोट्याशी अडून राहू नये, असं तुम्हालाही वाटत असणारच. त्या दिवशी नाही जमलं तर नाही जमलं. आणि परत आल्यावर चौघंही पोहायचा वर्ग लावा, तुम्हीसुद्धा, चाळिशीत शिकणाऱ्या पुष्कळ बायका तलावावर भेटतील.

ज्या वाचकांना पावसाळ्यात स्वस्त पडतं म्हणून जायचं आहे, त्यांच्यासाठी एवढंच: मे अखेरपासून नैऋत्य मोसमी वारे पश्चिमेच्या किनाऱ्यांवर, म्हणजे राधानगरवरही, मोठ्या लाटा आणतात आणि बोटी रद्द होतात. हिवाळ्यात वारा ईशान्येचा असतो, त्यामुळे पूर्वेची बाजू खवळते आणि राधानगर त्यामानाने आडोशाला येतं. एकट्याने जाणाऱ्यांनी पाण्यात शिरण्यापूर्वी निदान जीवरक्षकाशी चार शब्द बोलून आपला चेहरा त्याच्या लक्षात राहील असं करावं.

तर ताई, नऊ बीच पाचावर आणा. राधानगर दोन वेळा, भरतपूर, कालापत्थरची एक सकाळ, पूर्वेच्या किनाऱ्यावरची ओहोटीची डबकी, आणि आजी आराम करतील त्या दिवशी एलिफंट. हॅवलॉक आणि नीलच्या हॉटेलांशी बोलताना नावांचा गोंधळ होऊ देऊ नका. सरकारी कागदोपत्री ती २०१८पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आहेत, आणि २०२४पासून पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम. तिकिटावर कुठलंही नाव दिसू शकतं. बेटांवर नेटवर्क कधीही जातं, थोडी रोकड जवळ ठेवा.

आणि एजंटला आजच फोन करा, कारण त्याने शेवटची रात्र नीलला ठेवून सकाळच्या बोटीने थेट विमान गाठायचं असं आखलंय. समुद्र खवळला की बोटी सुटत नाहीत, विमान मात्र थांबत नाही. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच घ्या. नाताळात बोटींच्या जागा लवकर भरतात. बदल करून घेतानाच सासूबाईंसाठी बोटीच्या खालच्या मजल्यावर, मधोमधची जागा मागा, तिथे हेलकावे कमी बसतात. उलटीची गोळी त्यांच्या डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी अर्धा-एक तास द्या, मळमळ सुरू झाल्यावर दिलेली फारशी उपयोगी पडत नाही.